पी-३८चं घर

दुर्गोत्सव जवळ आला की यवतमाळात साउंडची दुरुस्ती करणाऱ्यांच्या टेबलांवर हात टेकायलाही जागा उरत नाही. यवतमाळचा दुर्गोत्सव विदर्भात नावाजलेला, त्यामुळे शहराचं सामान तर असतंच. शिवाय दारव्हा, दिग्रस, आर्णी, घाटंजीकडूनही पेट्या येऊन पडतात. भजनी मंडळाचा जुना अ‍ॅम्प्लिफायर, ऑर्केस्ट्रावाल्याचा गिटार अ‍ॅम्प, धुमाल पथकाचा कीबोर्ड, बेंजो आणि त्यासोबत वायरींचा गुंता. पेट्या वेगवेगळ्या, मालक वेगवेगळे, तक्रार मात्र बहुतेकांची एकच: ‘दादा, पिन हालवली का आवाज येते, सोडली का जाते.’

रसग्रहणाला याहून नेमकी पहिली ओळ मिळणार नाही. एका वाक्यात रोग्यानं वैद्याला सगळं सांगून टाकलं आहे. आवाज येतो, म्हणजे ट्रान्सफॉर्मर शाबूत आहे, आयसी जळलेली नाही, स्पीकरचा कॉइल तुटलेला नाही. हलवल्यावर येतो आणि सोडल्यावर जातो, म्हणजे दोष तापमानाचा नाही, वयाचाही नाही, हालचालीचा आहे. आणि एवढ्या मोठ्या पेटीत माणसाच्या हातानं रोज हालचाल होते अशी जागा एकच, जिथे पिन आत जाते ती. बाजारात या जाड पिनेला पी-३८ म्हणतात, मोबाइलच्या बारीक पिनेला ईपी आणि माइकच्या तीन काड्यांवाल्या गोल जोडाला कॅनन. पी-३८ ज्यात शिरते ते काळं, चौकोनी, प्लॅस्टिकचं सॉकेट हा या लेखाचा विषय. काडेपेटीहून लहान, चहा-नाश्त्याच्या पैशात मिळणारं, आणि दुकानदार मोजून न देता मूठ भरून पुढे करतो असं. त्याच्यावर कुणी लिहीत नाही. पण लिहावं इतका विचार त्याच्या घडणीत आहे.

आधी त्याची वंशावळ. पी-३८ पिनेची जाडी पाव इंच, म्हणजे ६.३५ मिलिमीटर. हे माप संगीतासाठी ठरलेलं नाही, ते टेलिफोन एक्स्चेंजमधून आलं आहे. १८७८ साली अमेरिकेत न्यू हेवनला पहिलं व्यापारी एक्स्चेंज सुरू झालं, आणि पुढच्या काही वर्षांत समोरच्या फळीवर भोकांच्या रांगा आणि हातात पिन लावलेल्या दोऱ्या घेऊन बसलेल्या ऑपरेटर हे तिथलं नेहमीचं चित्र झालं. भारतात कलकत्ता, मुंबई आणि मद्रास इथे १८८२ साली एक्स्चेंज आली. ट्रंक कॉल लावून तासन्‌तास वाट पाहिलेली पिढी यवतमाळात अजून आहे; त्यांचा कॉल जोडून देणाऱ्या बोटांत याच जातीची पिन असायची. एका दिवसात शेकडो वेळा आत-बाहेर जावी, प्रत्येक वेळी पकड तीच राहावी आणि हाताला न बघता कळावं की पिन पूर्ण बसली, एवढ्या अटींवर ती घडली. पुढे १९३० च्या दशकात विजेची गिटार आली, तिला अ‍ॅम्पशी जोडायला तयार जोड हवा होता, आणि तो एक्स्चेंजच्या फळीवर आधीच होता. इतकी वर्षं लोटली, ट्रान्झिस्टर आले, संगणक आले, तरी हे माप जागचं हललेलं नाही. दिग्रसच्या लग्नात वाजणारी गिटार आणि लंडनच्या स्टुडिओतली गिटार दोन्ही याच पाव इंचावर भेटतात.

आपल्याकडे गिटारपेक्षा बेंजो जास्त. बेंजो म्हणजे बुलबुल तरंग, अमेरिकेतला कातडी मढवलेला बँजो नव्हे. नागोयाच्या गोरो मोरिता यांनी १९१२ साली तारांवर टाइपरायटरसारख्या कळा बसवून तैशोगोतो नावाचं वाद्य केलं. त्याचंच भारतीय रूप आपल्या मिरवणुकांत स्थिरावलं. रवी जाधव यांनी २०१६ साली याच वाद्याच्या नावानं हिंदी चित्रपट काढला, तो मुंबईच्या पथकांवर. विदर्भात बेंजो धुमालच्या गाडीवर चढला, त्याच्या तारांखाली पिकअप बसला, आणि विजेच्या हिशेबानं तो गिटारच झाला: तारा, पिकअप, आवाजाचं बटण आणि शेवटी एक पी-३८चं सॉकेट. गिटारच्या सॉकेटबद्दल जे जे म्हणता येईल ते सगळं बेंजोला जसंच्या तसं लागू आहे. उलट गाडीवरचे हादरे, काळ्या मातीची धूळ, एप्रिल-मेमधलं पंचेचाळिशीला टेकणारं ऊन आणि गणपतीतला पाऊस हे सगळं बेंजोच्या वाट्याला जास्त येतं.

आता सॉकेट हातात घेऊन नीट बघू. पुढे आटे पाडलेलं प्लॅस्टिकचं नाक, ते पेटीच्या पॅनेलच्या भोकातून बाहेर येतं आणि त्यावर नट बसतो. मागे डबा. डब्यातून खाली पातळ पितळी पाय निघालेले, मोनो सॉकेटला बहुधा चार. ब्रिटनमधल्या क्लिफ कंपनीच्या नावानं हा आकार जगभर ओळखला जातो आणि त्याच्या नकला कुठल्याही इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानात मिळतात. पिनेचे भाग दोन: टोक आणि त्यामागची लांब बाही. टोकातून वाद्याचा आवाज येतो, बाहीतून त्याची परतीची वाट, म्हणजे ग्राउंड. सॉकेटमध्ये या दोघांसाठी एकेक पत्ती, स्प्रिंगसारखी वाकवलेली. पिनेच्या टोकामागे कंबर बारीक केलेली असते. पिन पूर्ण आत गेली की टोकाची पत्ती त्या कमरेत उतरते, आणि हाताला जी ‘टक्’ लागते ती हीच. पकडही तिथेच आणि विजेचा जोडही तिथेच. एका वाकणात दोन कामं, ही या घडणीतली पहिली दाद देण्यासारखी जागा.

चार पायांपैकी दोन तर कळले. उरलेले दोन कशाला? खरा रस इथे आहे. आत पिन नसते तेव्हा टोकाची आणि बाहीची पत्ती शेजारच्या एकेका स्थिर पत्तीला टेकून असते; ते उरलेले दोन पाय या स्थिर पत्त्यांचे. महत्त्वाची आहे ती टोकाची पत्ती. पिन आत शिरली की ती उचलली जाते आणि जोड सुटतो. तिच्या शेजारची स्थिर पत्ती बहुतेक अ‍ॅम्पमध्ये ग्राउंडला जोडलेली असते. म्हणजे कुणी वाजवत नसेल तेव्हा अ‍ॅम्पचं तोंड सॉकेट स्वतःच बंद करून ठेवतं. गिटार अ‍ॅम्पची इनपुट फार संवेदनशील असते, तिचा रोध साधारण दहा लाख ओहमच्या घरात. ती उघडी राहिली तर पंडालातल्या ट्यूबलाइटपासून जनरेटरपर्यंत सगळ्यांची घरघर ती गोळा करील. हे होऊ नये म्हणून कुठलाही वेगळा भाग लावलेला नाही, कुठली आयसी नाही. एक पत्ती दुसरीला टेकते, एवढंच. वाजवणारा नसताना शांत राहण्याची सोय इतक्या थोड्या सामानात करणं, याला मी उत्तम रचना म्हणतो.

हीच पत्ती कुठे कुठे काय काय करते, ते बघण्यासारखं आहे. फेंडर कंपनीच्या जुन्या पद्धतीच्या अ‍ॅम्पवर एकाच चॅनेलला दोन भोकं असतात, एक आणि दोन. दुसऱ्यात पिन घातली की आवाज ६ डेसिबलनं उतरतो. ते का, याचं उत्तर पहिल्या सॉकेटच्या पत्तीत आहे. पहिलं रिकामं असल्यामुळे त्याची पत्ती ग्राउंडला टेकलेली असते, त्यामुळे ६८ किलोओहमचे दोन रेझिस्टर आवाजाची निम्मी वाटणी करून टाकतात. पहिल्यात पिन घातली की ती पत्ती उचलली जाते आणि वाटणी मोडते. कीबोर्डच्या हेडफोनच्या भोकातही हेच तत्त्व: पिन घातली की स्पीकर बंद. बॅटरीवर चालणाऱ्या पेडलमध्ये आणि अ‍ॅक्टिव्ह गिटारमध्ये तर मोनो पिन स्टिरिओ सॉकेटमध्ये जाते, तिथल्या मधल्या पत्तीला आणि बाहीच्या पत्तीला आपल्या लांब बाहीनं जोडते आणि बॅटरी सुरू होते. वादकाला वाटतं आपण फक्त वायर लावली. प्रत्यक्षात त्यानं बटणही दाबलेलं असतं. म्हणूनच पेडलमध्ये पिन ठेवून झोपी गेलेल्याची बॅटरी सकाळी बसलेली मिळते.

यातून एक गमतीचा बिघाड जन्माला येतो. अ‍ॅम्पच्या मागच्या बाजूला इफेक्ट लूपची दोन सॉकेटं असतात, आवाज बाहेर नेणारं आणि परत आणणारं. आपल्याकडे ती वापरतो कोण? पण रिकामं असतानाही अ‍ॅम्पचा सगळा आवाज त्या परतीच्या सॉकेटमधल्या टेकलेल्या पत्तीतूनच पुढे जातो. वर्षानुवर्षं तिथे पिन न गेल्यानं पत्तीवर काळपट थर चढतो आणि आवाज मधूनमधून बुडतो. मालक पुढचं सॉकेट हलवून थकतो, तारा बदलतो, गिटारवर राग काढतो. दोषी असतं ते मागचं, ज्याला कधी कुणी हातही लावलेला नाही. परतीच्या भोकात पिन दोन-चार वेळा आतबाहेर केली की आवाज सुटतो. दुरुस्ती म्हणून हे तात्पुरतंच, पण रोग नेमका कुठे आहे ते त्यावरून कळतं. न वापरलेली गोष्ट खराब होत नाही हा आपला समज हे सॉकेट खोटा ठरवतं.

काळपट थर एवढा का नडतो? दिव्याच्या बटणातून जाणारा प्रवाह असा थर फोडून पुढे जातो. पिकअपमधून येणारा दाब साधारण काहीशे मिलिव्होल्ट आणि प्रवाह तर जवळजवळ नाहीच. त्याच्यात फोडण्याची ताकद नसते. त्यामुळे पत्ती आणि पिन यांच्यामधला स्पर्श स्वच्छ हवा आणि दाबाचा हवा. पत्ती ढिली पडली, पिनेवर धूळ-घामाचा लेप बसला की खर्र-खुर्र सुरू.

आता प्लॅस्टिककडे येऊ, कारण सगळी बदनामी त्याचीच आहे. ‘कंपनीनं पैसे वाचवले’ हा शेरा प्रत्येक टेबलावर ऐकू येतो. स्वस्ताई खरीच आहे, पण ते अर्धं सत्य. धातूच्या सॉकेटमध्ये आट्यांचं नाकच ग्राउंड असतं. ते पेटीच्या पत्र्याला घट्ट बसलं की पिनेची बाही आणि पेटीचा पत्रा एक होतात. प्लॅस्टिकचं नाक या दोघांना वेगळं ठेवतं. अ‍ॅम्प आखणाऱ्याला आवाजाचं ग्राउंड आणि पत्र्याचं ग्राउंड एकाच ठरावीक ठिकाणी जोडायचं असतं. ते चार-पाच सॉकेटांपाशी वेगवेगळं जोडलं गेलं की ग्राउंडची वर्तुळं तयार होतात आणि त्यांतून ५० हर्ट्‌झची घूं वाहू लागते. म्हणून तो मुद्दाम प्लॅस्टिकचं नाक निवडतो. आणि काही अ‍ॅम्पमध्ये स्पीकरच्या दोन्ही तारा ‘जिवंत’ असतात, त्यातली एकही ग्राउंड नसते. तिथे धातूचं सॉकेट बसवलं तर आउटपुट सरळ पत्र्याला जाऊन भिडेल.

हे ध्यानात न घेतल्यानं होणारा घोटाळा नेहमीचा आहे. मालक म्हणतो, ‘पैसे लागू द्या, पण मजबूत लोखंडी टाका.’ मेकॅनिक त्याचं मन राखतो. पिन घट्ट बसते, खर्र-खुर्र जाते, आणि पेटी घरी गेल्यावर कळतं की आता घूं येते, जी आधी नव्हती. मग ट्रान्सफॉर्मरवर संशय, फिल्टरच्या कपॅसिटरवर संशय. बदल काय झाला होता? फक्त एका काळ्या प्लॅस्टिकच्या जागी चकचकीत धातू. दुरुस्ती करणाऱ्यानं आधी मूळ रचना वाचायला हवी ती यासाठी. जिथे प्लॅस्टिक होतं तिथे ते का होतं, हे विचारल्याशिवाय ते काढू नये.

मग प्लॅस्टिकचं सॉकेट मोडतं का? मोडतं. पण बहुतेक वेळा प्लॅस्टिकमुळे नाही. ते मोडतं ताणाच्या वाटेमुळे. कुणी वायरीत पाय अडकवतो, कुणी अ‍ॅम्प उचलताना पिन तशीच ठेवतो, गाडीवर अ‍ॅम्प मागे सरकतो आणि पिन भिंतीला टेकते. हा सगळा झटका सॉकेटवर येतो. नट घट्ट असेल तर तो पॅनेलच्या पत्र्यात जिरतो. नट ढिला असेल, किंवा मुळात नटच नसेल, तर तो खाली पीसीबीवर, म्हणजे सर्किटच्या पाटीवर, त्या चार नाजूक पायांच्या सोल्डरच्या डागांवर उतरतो. बैलाची ओढ जुवावाटे खांद्यावर यावी, गळ्यातल्या पट्ट्यावर नव्हे, तसंच हे. गळ्यावर आली की बैल कितीही दमदार असो, थांबणारच.

ही ताणाची वाट वाद्यं घडवणाऱ्यांनाही चुकवता आलेली नाही. फेंडरनं १९५४ साली स्ट्रॅटोकास्टर काढली तेव्हा पिनेसाठी गिटारच्या अंगावर होडीच्या आकाराची तिरपी पत्र्याची खोबण दिली. वायर ओढली गेली तर ती अंगाच्या रेषेतच निघून येते, सॉकेटला उभा मार बसत नाही. गिब्सनच्या लेस पॉलला सॉकेट बगलेत, चौकोनी पट्टीवर. कित्येक लेस पॉलची प्लॅस्टिकची पट्टी एका झटक्यात तडकते आणि मालक तिथे धातूची पट्टी लावून घेतात. आता यात प्लॅस्टिक हरलं असं वरवर वाटेल. पण तिथे पिन अंगाशी काटकोनात उभी असते, आणि बाजूनं बसणारा प्रत्येक धक्का तिला तरफेसारखा वापरतो. स्ट्रॅटोकास्टरवर तोच धक्का वाया जातो. साहित्य बदलण्याआधी दिशा बघावी, हा त्यातला धडा.

आता टेबलावरची कामगिरी. चांगला मेकॅनिक लगेच सोल्डरिंग आयर्न तापवत नाही. आधी तो दुसरी वायर लावतो, कारण अर्ध्या तक्रारी वायरच्याच निघतात. स्वस्त पी-३८ पिनेचं टोक आतल्या काडीवर नुसतं दाबून बसवलेलं असतं. ते ढिलं होतं, आणि कधी कधी तुटून सॉकेटच्या आतच राहतं. मग पिन पुसून बघतो. मग सॉकेटमध्ये क्लीनर. मग पेटी उघडून, पिन आत असतानाच ती हळू डोलवतो आणि टॉर्चच्या उजेडात पायांचे डाग बघतो. दिसायला गोल, चकाकतं सोल्डर असतं, पण पायाभोवती केसाएवढी बारीक काळी कडी दिसते. हे ड्राय सोल्डर. पिन हलली की पाय डागाच्या आत हलतो, जोड होतो आणि सुटतो. ‘हालवली का आवाज येते’ हे वाक्य इथे डोळ्यांना दिसतं.

कडी नुसतीच असेल तर जुनं सोल्डर काढून नवा डाग दिला, नट आवळला की काम संपतं. पण पत्तीच मऊ पडली असेल, डबा तडकला असेल, तर सॉकेट बदलायलाच हवं. इथे हात शिकलेला आहे की नाही ते कळतं. चारही पायांचं सोल्डर एकाच वेळी वितळवून सॉकेट खेचून काढण्याचा मोह होतो, आणि त्या खेचण्यात पीसीबीवरची तांब्याची पट्टी पापुद्र्यासारखी उचलली जाते. सॉकेट जाणारच आहे. वाचवायची आहे ती पट्टी. म्हणून अनुभवी माणूस आधी डबाच कटरनं कापतो, पाय सुटे करतो, प्रत्येक पायाला थोडं ताजं सोल्डर देऊन एकेक चिमट्यानं उचलतो आणि पंपानं भोक मोकळं करतो. ताजं सोल्डर का? जुनं सोल्डर ऑक्साइडनं कोरडं झालेलं असतं, त्यातला फ्लक्स उडालेला असतो, ते लवकर वाहत नाही. ताज्या सोल्डरमधला फ्लक्स त्याला वाहतं करतो. वितळवायला आधी घालायचं आणि मग दोन्ही काढायचं, ही चाल पहिल्यांदा बघणाऱ्याला उलटी वाटते.

नवीन सॉकेट आणताना डोळे उघडे ठेवायला हवेत. बाहेरून सगळी सारखी दिसतात, पण पायांची मांडणी कंपनीगणिक वेगळी. मीटर लावून बघावं: पिन नसताना कुठले दोन पाय बीप देतात, पिन घातल्यावर कुठला बीप बंद होतो. बंद होणारा तो स्विचचा पाय. पीसीबीवर बसणारं मिळालं नाही तर पॅनेलवर सॉकेट बसवून तिथून तारेचे छोटे तुकडे पीसीबीपर्यंत न्यावेत. हा जुगाड नव्हे. पीसीबीवरचा ताण त्यानं पूर्णच सुटतो, त्यामुळे काही बाबतींत तो मूळ रचनेपेक्षा सरस ठरतो. मात्र स्विचचा पाय मोकळा सोडायचा नाही. टोक आणि ग्राउंड जोडून ‘आवाज येतोय ना’ म्हणत पेटी बंद करणारे पुष्कळ. आवाज येतोच. पिन काढल्यावर घूं येते ती त्या मोकळ्या पायामुळे. धातूच्या सॉकेटसाठी पाडलेलं भोक एका सेंटिमीटरहून थोडं लहान, ९.५ मिलिमीटरच्या आसपास असतं; प्लॅस्टिकचं नाक त्याहून जाड. तिथे गोल कानशीनं भोक वाढवावं लागतं, आणि लोखंडाचा कीस पीसीबीवर पडू नये म्हणून आत कागद किंवा कापड ठेवून. त्यातला एक कण जरी दोन पट्ट्यांमध्ये राहिला तर पुढची दुरुस्ती मोठी निघते.

यानंतर येतो तो क्रम, ज्यावरून मी माणसाची पारख करतो. सॉकेट पीसीबीवर ठेवायचं, डाग द्यायचे नाहीत. पीसीबी पेटीत बसवायचा, सॉकेटचं नाक पॅनेलच्या भोकातून काढायचं, नट आवळायचा. सगळी सॉकेटं अशी आपापल्या जागी स्थिरावली, की मग डाग. आधी डाग देऊन नंतर नट आवळला तर नट सॉकेटला पुढे ओढतो, पाय डागात ताणलेले राहतात, आणि पहिल्याच हादऱ्याला कडी पडते. काम झालं तेव्हा दोन्ही सारखेच दिसतात. फरक पुढच्या नवरात्रात कळतो. नट आवळतानाही पकडीचा जोर नको. प्लॅस्टिकचे आटे धातूसारखे नसतात, ते सरकले की नट फिरतच राहतो. बोटांनी पूर्ण, मग पान्यानं जरासा, एवढं पुरतं.

डाग देताना सॉकेटमध्ये एक जुनी पिन घालून ठेवणं ही त्याहून सुंदर गोष्ट. प्लॅस्टिकला उष्णता सहन होत नाही. आयर्न पायावर जास्त वेळ टेकलं की पायाभोवतीचं प्लॅस्टिक मऊ पडतं आणि पत्ती जागची सरकते. साठ-चाळीसचं कथील-शिशाचं सोल्डर १९० अंशांच्या आत वितळतं, पण आयर्नचं टोक त्याहून कितीतरी जास्त तापलेलं असतं. पिन आत असली तर पत्त्या योग्य जागी धरल्या जातात आणि थोडी उष्णताही पिनेत निघून जाते. जिच्यासाठी घर बांधलं तिलाच बांधकामाच्या वेळी आत उभं करायचं. दोन-तीन सेकंदांत एक पाय, मग थांबा, मग दुसरा. टेबलाशेजारी उभा असलेला मालक घाई करत असतो, त्याच्याकडे लक्ष द्यायचं नाही.

एक गोष्ट मात्र रसग्रहणाच्या भरात विसरून चालणार नाही. प्लॅस्टिकचं नाक पत्रा आणि आवाज वेगळे ठेवतं, माणसाला शॉकपासून वाचवत नाही. ३ मे १९७२ रोजी वेल्समधल्या स्वान्सीला स्टोन द क्रोज या गटाचा गिटारवादक लेस हार्वे मंचावर अर्थिंग नसलेल्या माइकला हात लावताच गेला. गिटार त्याच्या गळ्यात होती. आपल्या पंडालांत तीन काड्यांच्या पिनेची अर्थिंगची काडी कापून दोन काड्यांच्या बोर्डात खुपसलेली दिसते, जनरेटरचं अर्थिंग कुठे जातं ते कुणी विचारत नाही, आणि ओल्या जमिनीवर उभा राहून मुलगा बेंजो वाजवतो. सॉकेट बदलायला पेटी उघडलीच आहे, तर पत्र्याला जाणारी हिरवी वायर घट्ट आहे का, ते तिथल्या तिथे बघून घ्यावं. आणि पेटी ट्यूबची असेल तर वीज काढल्यावरही कपॅसिटरमध्ये चारशे व्होल्ट दबा धरून असू शकतात. ते उतरवल्याशिवाय आत बोट घालू नये.

एवढं सगळं बघितल्यावर माझं मत असं: हे काळं सॉकेट स्वस्त आहे, पण हलकं नाही. रिकामं असताना तोंड बंद ठेवणं, पत्र्यापासून अंग वेगळं ठेवणं, एका वाकणात पकड आणि जोड दोन्ही साधणं, या तिन्ही गोष्टी त्यात आहेत आणि तिन्ही विचारपूर्वक आहेत. त्याची एकच अट आहे, ओढ नटावर यावी. ती पाळली तर ते काही वर्षं निमूट काम करतं, नाही पाळली तर कितीही महागाचं सॉकेट आणा, डागात कडी पडणारच. आणि ती अट पाळणारा माणूस पंडालात कुणाला दिसत नाही. त्याच्या कामाची पावती म्हणजे कुणाचंही लक्ष न जाणं. गिटार वाजवणाऱ्याचं नाव बॅनरवर लागतं, नट आवळणाऱ्याचं लागत नाही.

म्हणून मंडळवाल्यांना, पथकवाल्यांना आणि भजनी मंडळातल्या काकांना विनंती. पेट्या घटस्थापनेच्या आदल्या दिवशी नव्हे, पोळा झाला की टेबलावर नेऊन द्या. पिन वायर धरून ओढू नका, पिनेलाच धरून काढा. अ‍ॅम्प उचलण्याआधी सगळ्या पिना काढा. पेटीबरोबर दोन जास्तीची सॉकेटं आणि एक चांगली पी-३८ ठेवा. मेकॅनिकला दुसरं काही नाही, एवढंच विचारा: स्विचचा पाय जोडलात ना, आणि नट आधी आवळला ना? त्यानं हसून मान डोलावली तर त्याचे पैसे कापू नका.